सर्व्हिस शिकताना मनगट कसं सांभाळाल?

टेनिस शिकायला लागून महिना-दीड महिना झाला की एक सल्ला हमखास मिळतो: "सर्व्हिसला मनगट झटक, वेग आपोआप येईल." मलाही मिळाला होता आणि मी तो मनापासून पाळला. रॅकेट चेंडूपाशी पोचली की सगळा जोर काढून मनगट खाली मोडायचो. वेग काही वाढला नाही. तीन आठवड्यांत मात्र करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या उंचवट्याच्या जरा खाली, असं दुखायला लागलं की दाराची मूठ फिरवता येईना. पुढचे दोन महिने रॅकेट कपाटात राहिली.

सल्ला देणाऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं. चांगली सर्व्हिस करणाऱ्याला शेवटच्या क्षणी मनगटात झटका जाणवतोच, आणि त्याला जे जाणवतं तेच तो सांगतो. फक्त तो झटका त्याने दिलेला नसतो, आलेला असतो. ओला टॉवेल झटकून बघा. टोक फटकन वाजतं, पण आपण ते टोक हलवलेलं नसतं, दुसऱ्या टोकाला हात हलवलेला असतो. सर्व्हिसमध्ये जोर पायांतून निघतो, कमरेतून आणि धडातून खांद्यात येतो, मग कोपर सरळ होतं, पाठोपाठ दंड झपकन आत फिरतो, कोपराखालचा हात पंजासकट वळतो, आणि सगळ्यात शेवटी मनगट. मनगट हलतं, चांगलं वेगात हलतं, पण त्याच्या हलण्याला आधीच्या सगळ्यांनी वेग दिलेला असतो. ते काम एकट्या मनगटाकडून जोर लावून करून घ्यायला गेलं की दुखणं सुरू होतं.

त्याचं कारण मनगटाच्या रचनेतच आहे. तिथे आठ छोटी हाडं दोन ओळींत बसलेली आहेत आणि त्यांच्यावरून कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, बोटांकडे जातात. मनगट हलवणारे स्नायू वर कोपराखालच्या भागात असतात, खुद्द मनगटापाशी धक्का पचवायला मांस जवळजवळ नाहीच. यातली करंगळीच्या बाजूची कंडरा हाडातल्या एका खाचेतून जाते आणि एका पातळ आवरणाने जागेवर धरलेली असते. टेनिसपटूंची मनगटं जिथे सर्वांत जास्त दुखतात, त्यातली ही एक जागा. २००९ ची यूएस ओपन जिंकलेल्या देल पोत्रोच्या आधी उजव्या आणि मग डाव्या मनगटावर मिळून अनेक शस्त्रक्रिया झाल्या. ऑस्ट्रियाचा खेळाडू डॉमिनिक थीम याचं उजवं मनगट जून २०२१ मध्ये गेलं आणि तो पुन्हा पूर्वीसारखा खेळू शकला नाही. ही दुखणी सर्व्हिसमुळेच झाली असं नाही. पण ज्यांच्या दिमतीला चोवीस तास फिजिओ होते त्यांचीही मनगटं सहज भरून आली नाहीत, एवढं नवशिक्याने ध्यानात ठेवावं.

खालचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी आरशात बघितल्यासारखं उलटं घ्यावं.

पहिल्यांदा पकड

माझ्या मते नवशिक्याच्या दुखऱ्या मनगटांपैकी निम्म्याहून जास्त मनगटांचं मूळ पकडीत असतं, आणि पकड बदलायला कुणी तयार नसतं. कारण सोपं आहे. फोरहँडच्या, म्हणजे उजव्या बाजूने मारायच्या नेहमीच्या फटक्याच्या, पकडीने सर्व्हिस पहिल्या दिवसापासून आत पडते, बरोबर पकडीने सुरुवातीला ती भलतीकडेच जाते.

सर्व्हिसला लागते ती कॉन्टिनेंटल पकड, आपल्या भाषेत हातोडीची पकड. रॅकेट समोर उभी धरा, एक कड जमिनीकडे आणि एक आभाळाकडे, जणू तिने खिळा ठोकायचा आहे. आता दांड्याकडे बघा. तो गोल नसतो, त्याला आठ पैलू असतात. अगदी वरचा सपाट पैलू पहिला, त्याच्या लगेच उजवीकडचा तिरका पैलू दुसरा. तर्जनी जिथे पंजाला जोडली जाते ते मुळाचं पेर या दुसऱ्या पैलूवर टेकवा. करंगळीखालची तळहाताची गादीही त्याच पैलूवर येऊ द्या. तर्जनी बाकीच्या बोटांपासून थोडी पुढे, बंदुकीच्या चापावर असते तशी.

हीच पकड का, ते दोन मिनिटांत कळेल. फोरहँडच्या पकडीने रॅकेट डोक्यामागून वर आणा. रॅकेटची जाळी सुरुवातीपासूनच समोर किंवा आभाळाकडे तोंड करून असते, वेटरने हातावर ट्रे धरावा तशी. तिथून चेंडू खाली आणायला एकच मार्ग उरतो, मनगट पुढे मोडणं. हातोडीच्या पकडीत रॅकेट कडेने वर येते आणि हात वळला की जाळी आपोआप चेंडूसमोर उघडते. मनगटाला मोडावंच लागत नाही.

पकड बदलल्यावर पहिले आठ-दहा दिवस चेंडू डावीकडे जाईल किंवा रॅकेटच्या कडेला लागून उडेल. हे होणारच. त्या दिवसांत बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या अगदी मागच्या रेषेवरून, सर्व्हिस करूच नका. सर्व्हिस लाइनवर, म्हणजे जाळ्यापासून ६.४० मीटरवर उभं राहा आणि तिथूनच हळू मारा. दुरून मारायला लागलं की हात नकळत जुन्या पकडीवर सरकतो.

आता मूठ किती घट्ट? अगदी सैल म्हणजे शून्य आणि जिवाच्या आकांताने धरणं म्हणजे दहा असं मानलं, तर सुरुवातीला तीन-चार. चेंडू लागायच्या क्षणी हात स्वतःच थोडा आवळतो, ते मुद्दाम करायला लागत नाही. आवळलेल्या मुठीचं लक्षण ओळखायला सोपं आहे: सर्व्हिसच्या आधी चेंडू टप्पा टप्पा करताना बोटांची पेरं पांढरी दिसत असतील तर रॅकेट डाव्या हातात द्या, उजवा पंजा दोनदा झटका, मग पुन्हा धरा. घामाने दांडा सटकत असेल तर माणूस आवळणारच, त्यामुळे ओव्हरग्रिप, म्हणजे दांड्यावर गुंडाळायची पट्टी, गुळगुळीत झाली की लगेच बदला. दांडा फार बारीक असला तरी तेच होतं. रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळहाताची गादी यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम मावली पाहिजे.

टॉस

मनगटाच्या लेखात टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर टाकणं, कशाला, असं वाटेल. पण टॉस मागे गेला की पाठ आणि खांदा चेंडूपर्यंत पोचत नाहीत, आणि उरलेली सगळी भरपाई मनगट करतं. डोक्याच्या मागे गेलेला चेंडू जाळ्यापलीकडे घालायला मनगट जवळजवळ काटकोनात मोडावं लागतं. असे दहा चेंडू मारले तर चालतात, रोजचे पन्नास चालत नाहीत.

डावा हात सरळ ठेवा, कोपर वाकवू नका. चेंडू बोटांच्या टोकांवर धरा, तळहातात नको. हात डोळ्यांच्या उंचीला आला की बोटं उघडा. चेंडू फेकायचा नसतो, वर ठेवून द्यायचा असतो, उंच फळीवर डबा ठेवावा तसा. मारलाच नाही तर तो पुढच्या पायाच्या साधारण एक फूट पुढे आणि किंचित उजवीकडे पडला पाहिजे. हे तपासायला दुसरी रॅकेट तिथे जमिनीवर ठेवा आणि वीस टॉस नुसतेच टाका. वीसपैकी बारा-तेरा तारांवर पडायला लागले की मग मारायचा विचार करा. आणि एक नियम पाठ असू द्या: टॉस वाईट पडला तर रॅकेट न फिरवता चेंडू झेलून पुन्हा टाकायची मुभा आहे, त्याला फॉल्ट, म्हणजे चुकलेली सर्व्हिस, म्हणत नाहीत. नवशिके लाजून वाईट टॉसवरही मारतात. लाजू नका.

कड आधी, जाळी नंतर

आता प्रत्यक्ष फटका. इथे सावकाश जाऊ, कारण हा भाग एकदा अंगात मुरला की मनगटाची काळजी मिटते.

आधी रॅकेटशिवाय. उजवा हात डोक्याच्या वर, थोडा पुढे न्या. करंगळीची कड जाळ्याकडे, म्हणजे जणू पंजाने हवा कापायची आहे. आता मनगट अजिबात न मोडता पंजा असा वळवा की तळहात जाळ्याकडे येईल. तसंच वळवत राहा, तळहात उजवीकडे, बाहेर बघायला लागेल आणि अंगठा खाली झुकेल. भांड्यातलं पाणी ओतून टाकताना हात असाच वळतो. याला प्रोनेशन म्हणतात. दुसऱ्या हाताने उजव्या हाताला कोपराखाली धरून हे पुन्हा करा. बोटांखाली स्नायू आणि हाडं फिरताना कळतील, आणि मनगटाच्या सांध्यात फारसं काही होत नाही हेही कळेल.

मग रॅकेट घ्या, पण दांड्याच्या टोकाला न धरता वर, रॅकेटच्या गळ्यापाशी, म्हणजे दांडा चौकटीला मिळतो तिथे धरा. सर्व्हिस लाइनवर उभे राहा, रॅकेट डोक्यावर, कड जाळ्याकडे. छोटा टॉस टाका आणि फक्त पंजा वळवून चेंडूला टपली मारा. खांदा नको, पाय नको. चेंडू पाच-सहा फुटांवर पडला तरी चालेल. तीस-चाळीस टपल्या झाल्या की हात दांड्यावर थोडा खाली सरकवा, मग आणखी खाली. शेवटी रॅकेट पाठीमागे खाली सोडून तिथून वर आणा. प्रत्येक वेळी मनात दोनच शब्द: कड, जाळी. कड, जाळी.

हात आणि रॅकेट चेंडूपाशी एका सरळ रेषेत आले पाहिजेत, असं अनेकांना वाटतं. उंची मिळावी म्हणून ते मनगट करंगळीच्या बाजूला ताणून रॅकेट सरळ उभी करतात. हातोडीच्या पकडीत रॅकेट आणि हात यांच्यात थोडा कोन राहतोच, राहू द्या. ताणून तो घालवला की नेमकी ती करंगळीकडची कंडरा प्रत्येक फटक्याला ओढली जाते. उंची हवी असेल तर ती पायांतून घ्या, डावा खांदा खाली आणि उजवा वर नेऊन घ्या.

सगळ्यात चिवट गैरसमज म्हणजे चेंडू वरून खाली मारायचा असतो हा. जरा हिशोब करू. साधारण उंचीच्या माणसाचा चेंडू फार तर २.७० मीटरवर लागतो. बेसलाइनपासून जाळं ११.८८ मीटरवर, तिथून सर्व्हिस लाइन आणखी ६.४० मीटरवर. २.७० मीटरवरून सर्व्हिस लाइनपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती जाळ्यापाशी जमिनीपासून सुमारे ९४.५ सेंटिमीटरवर असते. जाळ्याची मध्यावरची उंची ९१.४ सेंटिमीटर. म्हणजे रेघ आणि जाळं यांत जेमतेम तीन सेंटिमीटर, आणि चेंडूची स्वतःची त्रिज्याच तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त! सरळ रेषेत खाली मारलेला चेंडू जाळ्याला लागणारच. चेंडू आत पडतो तो गुरुत्वाकर्षणाने आणि फिरकीने. आपण मारायचं ते समोर आणि किंचित वर. ही गोष्ट पटली की मनगट खाली मोडायची ऊर्मीच निघून जाते. मला तरी ती याच हिशोबाने सोडून गेली.

चेंडू लागल्यावर हात तिथेच आवरू नका. रॅकेट पुढे जाऊ द्या, मग शरीराच्या डाव्या बाजूला खाली येऊ द्या. वेगात आलेला हात अचानक थांबवला तर ब्रेक मनगटाला आणि कोपराला लावावा लागतो.

जमतंय का ते बघायला मोबाइल पुरतो. तो बेसलाइनच्या मागे, आपल्या पाठीमागे ठेवा आणि स्लो मोशनमध्ये चित्रण करा. चेंडू लागण्याच्या जरा आधी रॅकेट पट्टीसारखी बारीक दिसली पाहिजे, लागताना रुंद, आणि लागल्यानंतर पुन्हा बारीक. बारीक, रुंद, बारीक. आधीही रुंद आणि नंतरही रुंद दिसत असेल तर पकडीकडे परत जा. ही तपासणी दर आठवड्याला करा, कारण आपल्याला वाटतं ते आणि चित्रणात दिसतं ते यांत बरंच अंतर असतं.

रॅकेट, तारा, चेंडू

जास्त खोलात जात नाही. सुरुवातीला २६० ते २८५ ग्रॅमची रॅकेट बहुतेक मोठ्या माणसांना झेपते. फार जड रॅकेट पाठीमागून वर आणताना मागे पडते, फार हलकी रॅकेट चेंडूचा धक्का हाताकडे पाठवते. पॉलिएस्टरच्या कडक तारा नवशिक्याने घेऊच नयेत. मल्टिफिलामेंट किंवा सिंथेटिक गट या प्रकारच्या मऊ तारा घ्या आणि ताण २१ ते २४ किलोच्या आसपास ठेवा. तारांमध्ये अडकवायच्या रबरी डॅम्पनरने फटक्याचा आवाज बदलतो, हाताला बसणारा धक्का त्याने कमी होतो असं समजू नका. भिजलेले, जुने चेंडू सर्व्हिसच्या सरावाला नकोत. लहान मुलांसाठी आणि अगदी नव्यांसाठी हिरव्या ठिपक्याचे किंवा नारिंगी चेंडू येतात, ते नेहमीच्या चेंडूपेक्षा हळू जातात आणि हाताला हलके लागतात. मोठ्यांनीही ते वापरण्यात कमीपणा नाही.

अंग तयार करणं

कोर्टवर आल्या आल्या सर्व्हिस मारू नये. पाच मिनिटं हलकं पळा. दोन्ही हात खांद्यातून मोठे गोल फिरवा, मनगटं दोन्ही दिशांना दहा-दहा वेळा. मग चेंडूशिवाय दहा वेळा सर्व्हिसची हालचाल, आणि सर्व्हिस लाइनवरून निम्म्या जोराच्या दहा. त्यानंतर बेसलाइन.

घरी आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, हे करा. कोपराखालचा हात टेबलावर टेकवून पंजा कडेबाहेर ठेवा. हातात अर्धा किलोचं डंबेल. तळहात वर ठेवून मनगट वर उचला आणि तीन आकडे मोजत हळूहळू खाली सोडा. पंधरा वेळा. मग तळहात खाली करून तसंच पंधरा वेळा. हळू खाली सोडण्यात खरा फायदा आहे, तिथे घाई करू नका. मग हातोडी घ्या, दांड्याच्या मधोमध धरा आणि पंजा सावकाश आत-बाहेर वळवा. सोपं वाटायला लागलं की हात दांड्याच्या टोकाकडे सरकवा, वजन न वाढवताही काम अवघड होतं. प्रत्येकाचे दोन सेट पुरेत.

खांद्यासाठी लवचिक पट्टा घ्या. कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेर फिरवायचा, पंधरा वेळा. खांदा थकला की त्याचं काम मनगटावर येतं, म्हणून हा व्यायाम मनगटाचाच समजा.

सर्व्हिस मोजून मारा. पहिल्या दोन आठवड्यांत एका दिवशी पूर्ण जोराच्या तीसपेक्षा जास्त नकोत, आणि लागोपाठ दोन दिवस नकोत. मग दर आठवड्याला पाच-दहाने वाढवा. टपलीचा सराव यात मोजू नका, तो हवा तेवढा करा. आणि टॉस भरकटायला लागला की त्या दिवशीची सर्व्हिस संपली असं समजा. थकव्याची पहिली बातमी टॉसच देतो.

दुखायला लागलं तर

कोपराखालच्या मांसल भागात दोन्हीकडे सारखं ठणकत असेल आणि दोन दिवसांत जात असेल, तर ते नव्या व्यायामाचं अंगदुखणं आहे. पण एका बोटाने नेमकी दाखवता येईल अशी जागा मनगटात दुखत असेल तर सर्व्हिस त्याच दिवशी थांबवा. रात्री ठणकणं, सूज, हात वळवताना दुखत दुखत कट्‌ असा आवाज येणं, बोटांना मुंग्या, हातातलं भांडं निसटणं, यांपैकी काहीही असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा, आठवडा वाट बघू नका.

दोन जागा खास सांगतो. करंगळीखालच्या तळहाताच्या गादीत, जिथे दांड्याचं टोक टेकतं, तिथे खोलवर दुखत असेल तर आत आकड्यासारखं एक लहान हाड असतं, त्याला तडा गेलेला असू शकतो. आणि कोर्टवर हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणला की जो खळगा पडतो, त्यात दाबून दुखत असेल तर तिथलंही हाड तपासायला हवं. या दोन्ही जागांचे तडे साध्या एक्सरेत पहिल्यांदा सुटू शकतात. एक्सरे चांगला आला तरी दुखणं राहिलं, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि दांडा कुठे टेकतो, कसे पडलात, हे त्यांना रॅकेट दाखवून सांगा. वेदनाशामक गोळी घेऊन खेळायला उतरू नका. ती दुखणं झाकते, इजा थांबवत नाही.

मधल्या काळात खेळ पूर्ण सोडवत नसेल, आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर खालून सर्व्हिस करा. नियमात ती चालते.

परत येताना उलट क्रमाने या. रोजची कामं, म्हणजे किल्ली फिरवणं, भांडं उचलणं, टॉवेल पिळणं, न दुखता व्हायला लागली की चेंडूशिवाय सर्व्हिसची हालचाल. दोन दिवस तीही न दुखता झाली की रॅकेट गळ्यापाशी धरून टपल्या. मग सर्व्हिस लाइनवरून निम्म्या जोराच्या दहा, एक दिवस मध्ये सोडून पंधरा. बेसलाइनवर जायच्या आधी मोबाइल पुन्हा पाठीमागे लावा आणि रॅकेट बारीक, रुंद, बारीक दिसते ना ते बघा. दुखण्याच्या भीतीने हात जुन्या पकडीवर गेलेला असतो, आणि ते बहुतेक वेळा चित्रणातच पहिल्यांदा लक्षात येतं.